गाईच्या निव्वळ दुधाचं पनीर 'कमी दर्जाचं' ठरलं, अपील करू का?

नीराकाठची | २१ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार. इथं वाचत असते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच.

आमचं गाव फलटण आणि बारामतीच्या मधल्या पट्ट्यात, नीरेच्या कालव्याच्या पाण्यावरचं. गोठ्यात अकरा एचएफ (होल्स्टीन) गाई. २०२० च्या टाळेबंदीत दुधाचा दर अठरा-वीस रुपयांवर आला तेव्हा पेंडीचे पैसेसुद्धा सुटेनात. त्या वर्षी मी पनीर करायला शिकून आले. तेव्हापासून सकाळच्या धारेचं साठ लिटर दूध घरी ठेवते, बाकीचं डेअरीला घालतो. साठ लिटरांत पावणेनऊ किलो पनीर पडतं. नोंदणी काढलेली आहे, पत्र्याची वेगळी खोली आहे, स्टीलची भांडी आहेत. गिऱ्हाईक म्हणजे तालुक्यातली चार हॉटेलं, दोन मेस आणि गावातली घरं. भाव ३४० रुपये किलो.

गणपतीच्या आधी, १९ ऑगस्टला, अन्न सुरक्षा अधिकारी आले. माणूस सभ्य होता. एक किलो पनीर पैसे देऊन विकत घेतलं, माझ्याकडून पावती घेतली. त्याचे चार भाग केले, प्रत्येक बरणीत फॉर्मलीनचे थेंब टाकले, बरण्या बांधून सील केल्या. साक्षीदार म्हणून शेजारच्या भाऊजींची सही. मला विचारलं होतं, "चौथा भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवायचा आहे का? खर्च तुमचा." मी नको म्हणाले. दुधात मी पाण्याचा थेंब घालत नाही, मग दुसरी तपासणी कशाला, असं वाटलं.

१५ सप्टेंबरला पत्र आलं. ओलावा ५४.२ टक्के, तो ठीक. स्टार्च नाही. परकी चरबी नाही. आणि शेवटी, कोरड्या घटकांतला दुग्धस्निग्धांश ४६.३ टक्के, मानक किमान ५०, म्हणून नमुना कमी दर्जाचा.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आपण काय घातलं म्हणत्यात?" मला सांगता आलं नाही. तिसऱ्या दिवशी एका हॉटेलवाल्याने माल बंद केला. आमचा नमुना 'फेल' गेला हे त्याला कुठून कळलं, देव जाणे.

आमच्याच बाजारात १८० रुपये किलोनं पनीर मिळतं, टेम्पोतून येतं, बिल नसतं. मला एक किलोला जवळजवळ सात लिटर दूध लागतं. ३२ रुपयांनी धरलं तरी नुसतं दूधच २१९ रुपयांचं झालं. गॅस, सायट्रिक ॲसिड, बर्फ, पिशव्या वेगळ्याच. मग १८० ला कुणाला कसं परवडतं? आणि कागदावर नाव माझं आलं.

माझी विचारणा अशी. तीस दिवसांत अपील करता येतं असं पत्रात लिहिलंय, ते करू का? दंड पाच लाखांपर्यंत असतो म्हणतात, ते खरं का? आणि काहीच न घालता माझ्या पनीरमधली फॅट कमी कशी भरली, हे कुणी मला समजावून सांगेल का?

---

निवृत्त_निरीक्षक | २२ सप्टेंबर, सकाळी ६.५५

ताई, एकतीस वर्षं मी या खात्यात काढली. आधी 'अन्न निरीक्षक' होतो, ५ ऑगस्ट २०११ ला २००६ चा नवा कायदा लागू झाला आणि आम्ही 'अन्न सुरक्षा अधिकारी' झालो. तुमचं पत्र मी मनातल्या मनात दोनदा वाचलं.

पहिली गोष्ट सासूबाईंना सांगा. अहवालात तुम्ही काही घातलं असं कुठंही म्हटलेलं नाही. कायद्यात तीन वेगळे शब्द आहेत आणि बाजारात तिन्हींना 'भेसळ' म्हणतात, त्यातून माणसाचं नाव खराब होतं. 'असुरक्षित' म्हणजे खाणाऱ्याला अपाय होईल असा पदार्थ. तिथं फौजदारी खटला आहे, तुरुंग आहे, आणि माणूस दगावला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप. 'मिथ्याछाप' म्हणजे लेबलवर एक आणि आत दुसरं. 'कमी दर्जाचा' म्हणजे पदार्थ अपायकारक नाही, पण त्या नावाच्या पदार्थाला ठरवून दिलेल्या मोजमापात बसत नाही. तुमचा तिसरा प्रकार.

त्याला कलम ५१. पाच लाख ही वरची मर्यादा आहे, तेवढाच दंड होतो असं नाही. प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतं, कोर्टात आरोपी म्हणून उभं राहावं लागत नाही. दंड ठरवताना कलम ४९ प्रमाणे बघायचं असतं, की यातून तुम्हाला किती फायदा झाला, कुणाचं किती नुकसान झालं, चूक पुन्हा पुन्हा होतेय का, आणि ती अजाणतेपणी झाली का. हे चार मुद्दे तुमच्या बाजूचे आहेत. उत्तर लिहिताना ते शब्दांत मांडा आणि दुधाच्या नोंदीची वही सोबत जोडा. स्वतः बनवून विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला कलम ६९ खाली तडजोडीने रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचीही सोय आहे. तिची विचारणा लेखी करा.

हे इतकं सविस्तर लिहितोय कारण १९५४ च्या जुन्या कायद्यात मी वेगळं पाहिलं आहे. तेव्हा दोष सिद्ध झाला की कमीत कमी सहा महिने सजा. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी सायकलवरून रतीब घालणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या कॅनमधून नमुना घेतला. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, थोडीच कमी निघाली. खटला अकरा वर्षं चालला. साक्षीला मी दरवेळी नव्या गावाहून बदलीच्या ठिकाणाहून जायचो आणि तो बाकावर बसलेला असायचा, दरवेळी जास्त वाकलेला. निकाल लागायच्या आधी तो गेला. त्यानं पाणी घातलं होतं की म्हैस अर्धपोटी होती, हे मला आजही माहीत नाही. २००६ च्या कायद्यानं 'कमी दर्जा' आणि 'असुरक्षित' यांत जी भिंत बांधली ती योग्यच बांधली, असं मी म्हणतो ते त्या म्हाताऱ्यामुळे.

आता अपील. करता येतं, १५ ऑक्टोबरपर्यंत. पदावधित अधिकाऱ्याकडे (डेझिग्नेटेड ऑफिसर) अर्ज द्यायचा, त्यांना ते पटलं की राखून ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो. म्हैसूरची सीएफटीआरआय ही केंद्राची अन्नतंत्र संशोधन संस्था त्यांतली एक. तिथला अहवाल अंतिम. पण त्याआधी मला सांगा, तुमच्या गाईंच्या दुधाला फॅट किती लागते? डेअरीची पावती बघून सांगा. माझा अंदाज आहे तो खरा निघाला तर अपिलाचे पैसे वाया जातील.

चौथा भाग नको म्हणालात ते चुकलं. पुढच्या वेळी हो म्हणा. तो हक्क कायद्यानं दिलेला आहे आणि तो नमुना घेतानाच मागायचा असतो.

---

नीराकाठची | २२ सप्टेंबर, दुपारी १.१५

काका, सासूबाईंना तुमचं सगळं वाचून दाखवलं. म्हाताऱ्याची गोष्ट ऐकून त्या गप्पच बसल्या.

पावत्या काढल्या. ऑगस्टमध्ये सकाळची फॅट ३.५ ते ३.७, बहुतेक दिवस ३.६. एसएनएफ ८.४, ८.५. म्हणजे दूध तर नियमात आहे ना? गाईच्या दुधाला कायद्यानं ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ लागते असं आमच्या डेअरीच्या भिंतीवरच लिहिलंय.

---

क्रीम_सेपरेटर | २२ सप्टेंबर, रात्री ९.३०

दूध नियमात आहे आणि त्याच दुधाचं पनीर नियमात बसत नाही. तुमच्या बाबतीत हेच झालंय. मी दुग्धतंत्रज्ञानाची पदविका घेऊन एकोणीस वर्षं प्रकल्पात काम करतोय, हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच.

तुमचेच आकडे घेऊ. साठ लिटर म्हणजे सुमारे ६१.८ किलो दूध. ३.६ टक्क्यांनी त्यात २.२२ किलो फॅट. पावणेनऊ किलो पनीर, ओलावा ५४.२, म्हणजे कोरडा भाग साधारण चार किलो. त्यातली ४६.३ टक्के फॅट म्हणजे १.८६ किलो. उरलेली साडेतीनशे ग्रॅमच्या वर फॅट निवळीबरोबर, म्हणजे पनीर गाळल्यावर उरणाऱ्या पाण्याबरोबर गेली. आता समजा, त्यातला एक कणही जाऊ दिला नाही, सगळी पनीरमध्ये राहिली. तरी प्रमाण ५१ च्या आतच येतं. असं कुणाच्याच हातून होत नाही, थोडी फॅट जातेच. म्हणजे ३.६ च्या दुधात तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पनीर केलं तरी पन्नासचा आकडा गाठणं जवळपास अशक्य आहे.

पनीरचं मानक ओलावा ६० टक्क्यांपर्यंत आणि कोरड्यात फॅट किमान ५० असं आहे. म्हशीच्या दुधाला ते सहज जमतं. गाईचं दूध असेल तर ते साधारण साडेचार फॅटवर आणून घ्यावं लागतं. हे शिकवणाऱ्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. पनीर मऊ कसं करायचं ते शिकवतात आणि हा आकडा राहून जातो, याचा मला मनापासून राग येतो.

तर अपील नको. अहवाल बरोबरच असणार.

उपाय दोन आहेत. एक, म्हशीचं दूध मिसळा. ६.८ फॅटचं म्हशीचं दूध मिळालं तर साठ लिटरांत १७ लिटर म्हशीचं आणि ४३ लिटर गाईचं घ्या, साडेचारला बसतं. म्हशीचं दूध ज्या फॅटचं येईल त्याप्रमाणे हिशेब बदलेल, म्हणून रोज फॅट लावून घ्या. दुसरा, दूध आहे तेच ठेवा आणि नाव बदला. कोरड्यात वीसच्या वर आणि पन्नासच्या खाली फॅट असलेल्या पनीरला 'मध्यम स्निग्धांश पनीर' अशी वेगळी वर्गवारी आहे. मग मात्र सुटं विकू नका. पाकीटबंद करा आणि ते नाव ठळक छापा, नाहीतर 'कमी दर्जा' मधून सुटून 'मिथ्याछाप' मध्ये अडकाल.

निवळीत जाणारी फॅटही थोडी अडवता येईल. निवळी कशी दिसते तुमची? हिरवट, स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ असेल तर फॅट निघून चाललीय असं समजा. दूध ९० अंशांपर्यंत तापवून ८० वर येऊ द्या, मग सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी बारीक धारेनं सोडा, आणि फाटायला लागलं की ढवळणं थांबवा. गाळणीवर ओतताना उंचावरून ओतू नका. बायका कडकडीत उकळत्या दुधात ॲसिड ओततात आणि रवीनं घुसळल्यासारखं ढवळतात, तिथंच शंभर-दीडशे ग्रॅम जाते.

---

डबे_धायरी | २३ सप्टेंबर, सकाळी ११.०५

ताई, मी पुण्यात घरगुती डबे करते, सत्तर डबे. दर शुक्रवारी पनीर असतं. तुमचं वाचल्यापासून चैन पडेना म्हणून लिहिते. मी २१० रुपये किलोचं पनीर घेते. माणूस दारात आणून देतो, बिल देत नाही. तुमचा २१९ चा हिशेब वाचला आणि मागच्या शुक्रवारच्या डब्यात मी काय घातलं हा विचार रात्रभर डोक्यात होता. त्या डब्यांतले बारा जण ज्येष्ठ नागरिक आहेत, दोघांना हृदयाचा त्रास आहे.

आयोडीनची चाचणी केली. तुकडा उकळून, थंड करून, वर दोन थेंब. निळं झालं नाही. म्हणजे पनीर चांगलं आहे असं समजू का?

---

निवृत्त_निरीक्षक | २३ सप्टेंबर, दुपारी ४.२०

डबेवाल्या ताई, नाही. आयोडीन फक्त स्टार्च दाखवतं. दूध पावडर आणि पामतेल यांचं जे पनीर होतं त्यात स्टार्च नसला तर आयोडीनचा रंग बदलणारच नाही. चव, रबरासारखा ताण, तव्यावर सुटणारं तेल, हे सगळे तर्क झाले. दुधाची चरबी आणि तेल यांतला फरक प्रयोगशाळेतच कळतो. चरबी वेगळी काढून तिचं बी.आर. रीडिंग, रायकर्ट-मायस्ल मूल्य वगैरे बघावं लागतं. दुधाच्या चरबीत ब्युटिरिक आम्ल असतं, ते पामतेलात नसतं, त्यावर हे मूल्य उभं आहे.

आणि एक नीट समजून घ्या. तेलापासून केलेला तो पदार्थ विकणं हा गुन्हा नाही. त्याला 'ॲनालॉग' म्हणतात, त्याचं उत्पादन परवाना घेऊन करता येतं. गुन्हा आहे तो त्याला पनीर म्हणून विकण्यात. कारखान्यातून खोका निघतो तेव्हा त्यावर 'ॲनालॉग' छापलेलं असू शकतं. खोका फुटतो, लादी पाण्याच्या टबात पडते, आणि गल्ल्यावर येईपर्यंत तिचं पनीर झालेलं असतं. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत बनावट पनीरचा विषय निघाला तेव्हा गदारोळ झाला, छापे पडले. छापे पडावेतच. पण छापा गोदामावर पडतो आणि नाव बदलतं ते गल्ल्यावर.

यावर आपल्याच देशानं पूर्वी एक फार चांगला तोडगा काढलेला होता. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळायचे ना, तेव्हा सरकारनं सक्ती केली की वनस्पतीच्या प्रत्येक कारखान्यानं त्यात निदान पाच टक्के तिळाचं तेल घालायचंच. का? तर तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर यांच्याबरोबर हलवलं की गुलाबी-लाल रंग येतो. बॉदाँ चाचणी. तुपात वनस्पती मिसळली की परीक्षानळीत खालचा थर गुलाबी. मी खात्यात नवा असताना आमच्या विश्लेषक बाईंनी मला ती दाखवली होती, दोन मिनिटांत. नकली मालानंच स्वतःची ओळख बरोबर वागवायची, अशी ती व्यवस्था होती.

ॲनालॉगला हेच का करत नाही? त्यात खाण्याला निर्धोक असा एखादा खूणघटक सक्तीचा करावा, जो एका थेंबानं रंग दाखवील. मग डबे करणारी बाई स्वतःच्या ओट्यावर तपासू शकेल, आणि माझ्यासारख्या निरीक्षकाला नमुन्याच्या अहवालाची चौदा दिवस वाट बघावी लागणार नाही. पनीर चार दिवसांत खाऊन संपतं, अहवाल येतो तोवर मालाचा मागमूस उरत नाही. निवृत्तीच्या आधी मी ही सूचना लेखी दिली होती. पुन्हा देणार आहे.

तोवर तुम्ही एवढं करा. त्या माणसाला बिल मागा, बिलावर 'पनीर' शब्द आणि त्याचा परवाना क्रमांक मागा. उत्पादक आणि घाऊक विक्रेत्याकडून मालाच्या हमीचा नमुना 'ई' मागता येतो. तो हातात असेल तर उद्या तुमच्या स्वयंपाकघरातून नमुना घेतला गेला तरी तुमच्या बाजूने बोलणारा कागद असेल. देत नसेल तर घेऊ नका. शंका असेलच तर ग्राहक म्हणून कलम ४० खाली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे. दोष निघाला तर फी परत मिळते.

---

मुरघास | २४ सप्टेंबर, पहाटे ५.१०

धारा काढून आलो आणि वाचलं. वहिनी, तुमच्यावर अन्याय झाला एवढंच मी म्हणेन. काका चांगले असतील, पण माझा अनुभव असा की पकडतात ते नोंदणी असलेल्यांना, कारण त्यांचा पत्ता माहीत असतो. टेम्पोवाल्याला पत्ताच नाही. आणि टीव्हीवर दिवाळी आली की सुरू होतं, ६८ टक्के दूध भेसळीचं. ते ऐकून शहरातला माणूस आमच्याकडे चोरासारखं बघतो. माझ्या मुलीनं शाळेतून येऊन विचारलं, बाबा आपण पण घालतो का.

डेअरीत दूध घालताना माझं दूध ३.४ लागलं की दर कापतात, बेस ३.५ आणि ८.५ चा. कायदा ३.२ म्हणतो. काट्यावर आणि मशिनवर कोण लक्ष ठेवतं?

---

क्रीम_सेपरेटर | २४ सप्टेंबर, रात्री १०.००

मुरघास दादा, तुमच्या मुलीसाठी ते आकडे नीट सांगतो, कारण त्यांनी मलाही त्रास होतो.

६८.४ टक्के हा आकडा २०११ च्या सर्वेक्षणातला, १,७९१ नमुन्यांचा. ते नमुने 'मानकात बसत नव्हते'. बरेचसे पाणी घातल्यामुळे किंवा फॅट-एसएनएफ कमी असल्यामुळे. पाणी घालणं वाईटच, ग्राहकाच्या खिशातून पैसे जातात आणि पाणी घाण असेल तर पोटही बिघडतं. पण 'मानकात नाही' म्हणजे 'विष' असं ते नव्हतं. पुढे २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेतले. त्यांतले ९३ टक्के खायला सुरक्षित निघाले, आणि भेसळीमुळे असुरक्षित ठरले फक्त बारा. मात्र फॅट, एसएनएफ यांसारख्या दर्जाच्या मोजमापात ४१ टक्के नमुने कुठं ना कुठं कमी पडले. नीराकाठच्या ताईंसारखे.

मला जास्त काळजी वाटते ती त्याच सर्वेक्षणातल्या दुसऱ्या आकड्याची. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं. हे कुणी घातलेलं नसतं. बुरशी लागलेली पेंड, भिजलेला मका, नीट न दाबलेला मुरघास (खड्ड्यात आंबवलेला हिरवा चारा) गाईनं खाल्ला की ते दुधात उतरतं. उकळून जात नाही. वासाला, चवीला कळत नाही. आणखी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकं होती, म्हणजे कासदाहाच्या गाईला औषध दिल्यावर ठरलेले दिवस दूध बाजूला काढलं नव्हतं. दादा, तुमचं टोपणनावच मुरघास आहे म्हणून हात जोडून सांगतो, खड्ड्याच्या कडेचा काळा-हिरवा थर काढून टाका, गाईला घालू नका. भाकड जनावरालासुद्धा नको.

काट्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयानं ५ ऑगस्ट २०१६ च्या निकालात राज्यांना जिल्हापातळीवर समित्या नेमायला सांगितलं होतं. आपल्याकडे जून २०२३ च्या शासन निर्णयानं अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समित्या झाल्या. त्यात अन्न व औषध प्रशासन, पोलीस, पशुसंवर्धन यांच्याबरोबर वैधमापन खात्याचाही अधिकारी आहे. म्हणजे भेसळीबरोबर काट्याची तक्रारही तिथंच नेता येते. जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकारी सदस्य-सचिव असतात, अर्ज त्यांच्या नावे द्या. बेसचं मात्र कायद्यात उत्तर नाही. ३.२ ही विक्रीयोग्य दुधाची खालची रेषा आहे, खरेदीचा दर कुठून मोजायचा ते ती सांगत नाही. ही पळवाट संघ वापरतात आणि शेतकऱ्याचे रुपये जातात, हे मी प्रकल्पात बसून बघतो.

---

नीराकाठची | १२ ऑक्टोबर, रात्री ९.२०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

अपील केलं नाही. काकांनी सांगितलं तसं चार मुद्द्यांचं उत्तर लिहिलं, दुधाची वही, डेअरीच्या पावत्या आणि पनीर विक्रीची वही जोडली, आणि ३ तारखेला कार्यालयात देऊन पोच घेतली. तडजोडीचा अर्जही सोबत दिला. ज्यांनी नमुना घेतला तेच अधिकारी भेटले. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का गाईच्या दुधाला हे होतं ते?" ते म्हणाले, "माहीत होतं, पण नमुना घेताना मी काही सांगू शकत नाही." मग त्यांनीच पाच मिनिटं बसवून लेबलावर काय काय लागतं ते कागदावर लिहून दिलं.

शेजारच्या वस्तीवरून म्हशीचं सतरा लिटर घेतेय, ५५ रुपयांनी. फॅट मोजायला बुटिरोमीटर आणि हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज घेतलं, जुनं मिळालं. गंधकाम्ल हाताळायची भीती वाटते म्हणून ते काम ह्यांच्याकडे आहे. निवळी माझी दुधाळच होती. क्रीम_सेपरेटर दादा, तुम्ही सांगितलंत तेव्हा लक्षात आलं, मी उकळी असतानाच ॲसिड ओतत होते. आता ८० वर घालते. साठ लिटरांत दहा किलोला शंभर ग्रॅम कमी एवढं पडतं. म्हणजे किलोमागे दुधाचा खर्च २१९ चा २३३ झाला. भाव ३६० केला. दोन हॉटेलांनी मान्य केला, एक विचार करतंय.

पहिल्या घाण्यातलं पनीर खासगी प्रयोगशाळेत दिलं. ओलावा ५२.६, कोरड्यात फॅट ५१.४. तो कागद लॅमिनेट करून खोलीच्या दारावर लावलाय. माल बंद केलेला हॉटेलवाला परवा रस्त्यात भेटला, त्याला सांगितलं, येऊन वाचून जा. अजून आला नाही.

डबेवाल्या ताई, तुम्ही त्या माणसाकडून बिल मागितलंत का? पुण्याला आमच्या गावातून रोज पहाटे दुधाची गाडी जाते, तीत पाच-सात किलो थंड पेटीतून पाठवता येईल. बिल देईन, नमुना 'ई' पण भरून देईन. काकांनी तो कसा भरायचा ते एकदा सांगावं.

---

डबे_धायरी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

मागितलं. त्या दिवसापासून तो आलाच नाही. मागचे तीन शुक्रवार डब्यात पनीरऐवजी मटकीची उसळ दिली आणि डबे घेणाऱ्यांना कारण खरं ते लिहून दिलं. दोघांनी डबा बंद केला, बाकी आहेत.

येत्या शुक्रवारी चार किलो पाठवा. गाडी कुठं थांबते आणि किती वाजता ते निरोपात कळवा, मी स्वतः येईन.

---

निवृत्त_निरीक्षक | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

नमुना 'ई' साधा आहे. वर तुमचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. मग बिल क्रमांक आणि तारीख, पदार्थाचं नाव 'पनीर', तुकडी क्रमांक, वजन. खाली हमीचं वाक्य, की हा माल ज्या प्रकारचा आणि दर्जाचा म्हणून विकला तसाच आहे. तुमची सही. दोन प्रती करा, एक तुमच्याकडे राहू द्या. तुकडी क्रमांक म्हणून रोजची तारीख चालेल, पण तोच क्रमांक वहीत त्या दिवसाच्या फॅटसमोर लिहा, म्हणजे सहा महिन्यांनीही सापडेल.

ताई, सुनावणीची तारीख आली की कळवा. मी येईन तिथं, बाहेर बाकावर बसेन.